थार उचलली, टायर मोठे टाकले, पण खालच्या स्वे बारचं काय?

इन्स्टाग्राम उघडलं की एक रील हमखास समोर येते. दगडधोंड्यांचा चढ, त्यावर तिरकी झालेली थार, पुढचं एक चाक जमिनीपासून हातभर वर, मागे दणदणीत गाणं आणि कमेंटमध्ये आगीच्या इमोजींचा पाऊस. चाक जेवढं वर, तेवढे लाईक जास्त.

हाच व्हिडिओ एखाद्या मुरलेल्या ऑफ-रोडरला दाखवला तर तो मात्र फारसा खूश होत नाही. त्याचं म्हणणं सोपं असतं. हवेतलं चाक गाडी ओढत नाही, थांबवत नाही आणि वळवतही नाही. चार चाकांची गाडी त्या क्षणी तीन चाकांवर उभी असते. मग चाक हवेत गेलंच कशाला?

त्यामागे बऱ्याचदा गाडीच्या पोटाखाली आडवी बसवलेली एक लोखंडी दांडी असते. तिला स्वे बार म्हणतात. कंपनीच्या माहितीपत्रकात तीच स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बार या नावाने येते. लिफ्ट किट, मोठे टायर, विंच, लाईट बार यांच्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, या दांडीकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. आणि बघितलंच तर दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, काढून टाक, गाडी दगडावर पाण्यासारखी चालेल. दुसरा म्हणतो, जाड बार टाक, गाडी उलटणारच नाही.

दोन्ही सल्ले अर्धे खरे आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यात धोका आहे.

ही दांडी करते तरी काय?

स्वे बार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग स्टीलची सळई. मधला भाग दोन रबरी बुशमधून चासीला धरलेला असतो. दोन्ही टोकं लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. म्हणजे एका बाजूच्या चाकाने काही उद्योग केला की त्याची खबर दुसऱ्या बाजूला पोचते.

ओली चादर दोघांनी मिळून पिळताना आठवा. दोघांनीही ती एकाच दिशेने फिरवली तर चादर नुसती फिरते, पीळ बसत नाही. एकाने उलट फिरवली की पीळ बसतो आणि चादर हाताला विरोध करायला लागते. स्वे बारचं अगदी तसंच आहे. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर आली तर बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो, त्याचं काही काम नसतं. पण एक चाक वर आणि दुसरं खाली असं झालं की त्याला पीळ बसतो आणि तो दोघांना पुन्हा एका पातळीवर आणायला बघतो.

आता ताम्हिणी घाटातलं वळण घ्या. गाडी वेगात वळली की वरचा डोलारा वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतो. बाहेरच्या स्प्रिंग दबतात, आतल्या मोकळ्या होतात. डावं-उजवं असा फरक पडला, बारला पीळ बसला, त्याने झुकणं रोखलं. मागच्या सीटवरच्या मंडळींच्या पोटातलं पोटात राहतं, त्यात या दांडीचा मोठा वाटा आहे.

घाट उतरून गाडी मावळातल्या एखाद्या ओढ्यात घातली की हीच दांडी नडायला लागते. डावं चाक दगडावर चढलं, उजवं खड्ड्यात उतरायला हवं. बार म्हणतो, नाही, दोघं एका पातळीला राहा. मग उजवं चाक खड्ड्याच्या तळाला टेकायच्या आधीच लटकतं. गाडीला साधं डिफरन्शियल असेल तर ते लटकलेलं चाकच गरागरा फिरत बसतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. व्हायरल झालेली ती रील नेमकी याच क्षणाची असते.

एवढंच नाही. एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूला पोचवायचा हा बारचा स्वभावच असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर गाडी डावी-उजवी झोके खाते आणि आत बसलेल्यांची डोकी काचेवर आपटतात. बार जितका ताठ, तितका हा त्रास जास्त. लोक नवे शॉकअप घालतात, सीट बदलतात, आणि मूळ कारण खाली तसंच राहतं.

थोडक्यात भांडण असं आहे की डांबरी रस्त्याला ताठ बार हवा आणि दगडाला बार नसला तरच बरं. गाडी मात्र एकच आहे, आणि तिला दोन्हीकडून जायचंय.

दोन-तीन मिलिमीटरने काय फरक पडतो?

खूप पडतो. बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. हे वाक्य शाळेतल्या गणितासारखं वाटेल, पण खिशाला आणि मानेला भिडणारं आहे. २५ मिमीचा बार काढून २८ मिमीचा टाकला तर डोळ्यांना फरक जेमतेम कळतो, पण ताठपणा साधारण ५७ टक्क्यांनी वाढतो. ३० मिमीचा टाकला तर तो दुपटीच्याही किंचित वर जातो. म्हणून “अजून थोडा जाड टाकू, काय बिघडतंय” हा हिशोब इथे चालत नाही.

याच गणिताची एक मजेशीर बाजू आहे. पिळाच्या कामात दांडीचा गाभा जवळजवळ फुकट बसून असतो, खरं काम बाहेरची साल करते. आतून अर्ध्या व्यासाएवढी पोकळ केलेली दांडी वजनाला २५ टक्के हलकी होते, पण ताठपणा जेमतेम सहा टक्के कमी होतो. म्हणून पोकळ बार दिसला तर दुकानदाराने फसवलं असं लगेच समजू नये.

दुसरा मुद्दा बारच्या हाताचा, म्हणजे दोन्ही टोकांच्या वळलेल्या भागाचा. हात लांब तर बार मऊ, हात आखूड तर बार ताठ. बाजारातल्या ॲडजस्टेबल बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात ती यासाठीच. लिंक रॉड आतल्या भोकात लावला की हात आखूड होतो. हाताची लांबी दहा टक्क्यांनी घटली तर ताठपणा वीस टक्क्यांहून जास्त वाढतो. जाड बार विकत घेण्याआधी हे भोक बदलून बघता येतं, त्याला खर्च फक्त पान्याचा.

अमेरिकेत जीपवाल्यांनी यावर काय केलं?

हा झगडा काही आपल्याकडे सुरू झालेला नाही. अमेरिकेत यूटामधलं मोआब किंवा कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ट्रेल इथे जीप घेऊन जाणाऱ्यांनी तो आधी भोगला. घरापासून शेकडो किलोमीटर हायवे, मग दिवसभर दगड, मग पुन्हा हायवे. त्यांनी काढलेला पहिला उपाय अगदी देशी जुगाडासारखा होता. दगडाशी पोचलं की लिंक रॉडचे नट खोलायचे, रॉड दोरीने वर बांधायचे, आणि परत निघताना पुन्हा जोडायचे. त्यातूनच पुढे क्विक डिस्कनेक्ट आले. हे पिन लावलेले लिंक रॉड असतात. पान्याशिवाय, हाताने पिन ओढली की बार मोकळा.

२००५ मध्ये डॉजच्या पॉवर वॅगन या पिकअपमध्ये आणि २००७ मध्ये जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये कंपनीनेच बटण दिलं. बटण दाबलं की पुढचा बार मधून दोन तुकड्यांत सुटतो आणि चाकं मोकळी होतात. रुबिकॉनमध्ये वेग ताशी २९ किलोमीटरच्या आसपास गेला की बार आपोआप पुन्हा जोडला जातो. म्हणजे मोकळा बार घेऊन जोरात गाडी पळवायची नाही, ही गोष्ट कंपनीने चालकाच्या भरवशावर सोडलीच नाही. ही रँग्लर २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात जुळवली जाते. तेव्हा महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर हे बटण अगदीच परकं नाही.

फोर्डने २०२१ च्या ब्रॉन्कोमध्ये एक पाऊल पुढे टाकलं. त्यात गाडी आधीच वाकडीतिकडी अडकलेली असली, बारला पीळ बसलेला असला, तरी हायड्रॉलिकने तो सोडवता येतो. टोयोटाने यासाठी ऑस्ट्रेलियातल्या कायनेटिक नावाच्या कंपनीचं डोकं वापरलं. केडीएसएस नावाच्या त्या पद्धतीत पुढचा आणि मागचा बार तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. वळणावर पुढचं आणि मागचं एकाच बाजूला झुकतं तेव्हा तेल अडतं आणि बार ताठ राहतात. दगडावर पुढचं एका बाजूला आणि मागचं उलट बाजूला वाकतं तेव्हा तेल इकडून तिकडे वाहतं आणि बार मऊ पडतात. ना बटण, ना पिन. गाडी कुठे आहे हे नळ्यांतल्या तेलालाच कळतं.

या सगळ्यांनी एकच केलं. बार किती ताठ असावा हा निर्णय कायमचा न घेता जागेनुसार बदलायची सोय केली. ऑफ-रोड गाडीच्या बाबतीत स्वे बारचं अपग्रेड म्हणतात ते मुख्यतः याला.

थारमध्ये आणि जिमनीमध्ये एकच हिशोब चालतो का?

नाही, आणि परदेशी व्हिडिओ बघून गडबड होते ती इथेच.

रँग्लरला पुढे अख्खा एक्सल आहे. त्याचं एक चाक वर गेलं की दुसरं आपसूक खाली ढकललं जातं. अशा गाडीचा बार सोडला की चाकं भरपूर वर-खाली जातात. मारुती जिमनीलाही पुढे-मागे अख्खे एक्सल आहेत, त्यामुळे तिचा पुढचा बार सोडला की फरक चटकन जाणवतो.

२०२० नंतरच्या महिंद्रा थारचं मात्र वेगळं आहे. तिला पुढे डबल विशबोन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली स्वतंत्र, आणि मागे मल्टिलिंकवरचा अख्खा एक्सल. स्टॅबिलायझर बार दोन्हीकडे आहे. पुढचं चाक किती खाली जाऊ शकतं हे तिथे विशबोन आणि शॉकअपच ठरवतात, त्यामुळे बार सोडला तरी रँग्लरसारखी जादू होत नाही. थोडा फायदा होतो, जास्त अपेक्षा धरू नये. शिवाय थारच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये मागे लॉक होणारं डिफरन्शियल मिळतं आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल हाताने लॉक करता येतात. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं ओढत राहतं. अशा गाडीत बारशी खेळण्याआधी हातात असलेलं लॉकर नीट वापरायला शिकणं स्वस्त पडतं.

खरा धोका कुठे आहे?

तो लिफ्ट केलेल्या गाडीत आहे, आणि तोही दगडावर कमी, परतीच्या रस्त्यावर जास्त.

गाडी उलटायला किती सोपी, याचा एक ढोबळ अंदाज दोन आकड्यांवरून येतो. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. अंतराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला उंचीने भागायचं. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था एनएचटीएसए हेच गुणोत्तर वापरते. समजा एका गाडीच्या चाकांमधलं अंतर १५२ सेंमी आहे आणि गुरुत्वमध्य ७० सेंमीवर आहे. ७६ भागिले ७० म्हणजे १.०९. लिफ्ट किट आणि मोठे टायर मिळून गुरुत्वमध्य ५ सेंमी वर गेला तर ७६ भागिले ७५, म्हणजे १.०१. त्यावर छतावर कॅरियर, तंबू, जेरीकॅन चढवले की आकडा एकच्या खाली यायला वेळ लागत नाही. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला तयार.

या सगळ्या हिशोबात स्वे बार कुठेच नाही, हे लक्षात आलं का?

जाड बार टाकला की गाडी वळणावर कमी झुकते. चालकाला वाटतं, आता गाडी पक्की झाली. पण वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जेवढं वजन सरकायचं, तेवढं जवळजवळ सरकतंच. ते ठरतं उंचीवरून, रुंदीवरून आणि वेगावरून. बार फक्त डोलारा कमी झुकू देतो. आधी गाडी झुकून चालकाला सांगायची, “बाबा, हळू घे.” आता ती सांगत नाही, आणि चालक तेच वळण आणखी दहाच्या वेगाने घेतो. जाड बारने दिलेला हा भरवसा कधीकधी मूळ झुकण्यापेक्षा महाग पडतो.

बार आणखी एक गोष्ट नक्की ठरवतो, ती म्हणजे सरकणाऱ्या वजनातला किती वाटा पुढच्या चाकांनी घ्यायचा आणि किती मागच्यांनी. पुढचा बार जास्त ताठ असेल तर पुढचे टायर आधी दमतात. स्टीअरिंग फिरवूनही गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाऊ बघते. मागचा जास्त ताठ असेल तर मागचं बूड बाहेर सरकतं आणि गाडी गर्रकन फिरू शकते. कंपन्या सहसा गाडी पहिल्या प्रकाराकडे थोडी झुकलेली ठेवतात, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि त्या प्रकारात पाय काढला की गाडी सहसा सावरते.

आता दगडावर मजा करून आलेला एखादा गडी पुढचा बार तसाच सुटा ठेवून एक्सप्रेसवेला लागला, असं धरा. पुढचा बार नाही, मागचा आहे. कंपनीने जुळवलेला तोल उलटा झाला. सरळ रस्त्यावर काहीही जाणवत नाही, फसवणूक हीच आहे. समोर अचानक ट्रकने लेन बदलली, स्टीअरिंग डावीकडे मारलं, लगेच उजवीकडे मारलं, तेव्हा उंच गाडी आधी एका बाजूला आणि मग दुप्पट जोराने दुसऱ्या बाजूला झुकते. गाडीत ईएसपी असेल तर तेही मूळ बार जागेवर आहे असं धरून जुळवलेलं असतं.

मग बदलायचा तर काय आणि कधी?

सगळ्यात आधी बघायचा तो जुना माल. गाडी झुकते, खड्ड्यात खालून टकटक आवाज येतो, म्हणून लोक जाड बारची चौकशी करतात. बऱ्याचदा लिंक रॉडचे जॉइंट ढिले झालेले असतात किंवा बुश झिजलेले असतात. सुटलेल्या लिंक रॉडचा बार असून नसल्यासारखा. गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहत असेल तर दोष शॉकअपचा आहे, त्याला बार काही करू शकत नाही. छतावर कायम वजन घेऊन लांबचे प्रवास करणाऱ्याने किंचित जाड बार घेतला तर त्यात तथ्य आहे. पण पुढचा आणि मागचा असा जोडीनेच विचार करून.

लिफ्ट किट बसवली असेल तर लिंक रॉड लांब लागतात, ही गोष्ट गॅरेजमध्ये सर्रास विसरली जाते. चासी वर गेली, चाकं खालीच राहिली, त्यामुळे बारचे हात खाली ओढले जाऊन तिरके होतात. मग बार नीट काम करत नाही. लिंक ताणून बसतो आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यात हात उलटा वळून अडकण्याची भीती असते. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी असताना हात साधारण आडवे दिसायला हवेत. हे खाली वाकून कुणालाही बघता येतं.

पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा कडक असतात, बार लगेच काम करायला लागतो. मात्र त्यांना ग्रीस लागतं. नाही दिलं तर गाडी जुन्या झोपाळ्यासारखी कुरकुरते.

ज्यांना दोन्ही जगं हवीत त्यांच्यासाठी अमेरिकेत जॉन करी यांच्या अँटीरॉकसारखे मऊ बार निघाले. ते काढायचेच नसतात. दगडावर चाकांना पुरेसं मोकळं सोडतात आणि रस्त्यावर थोडा तरी धाक ठेवतात. पण हे जीपच्या मापाचे. आपल्या गाडीला दुसऱ्या गाडीचा बार वेल्डिंग करून बसवायचा नाद करू नये. चासीवरचा तो सांधा वळणावर तुटला तर पुढचं बोलायला नको.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम ठामपणे अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. स्वे बारची जाडी आरसीवर लिहिलेली नसते हे खरं, पण तो सहसा एकटा येत नाही. सोबत लिफ्ट आणि बाहेर आलेले टायर असतात. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली बघतोच. त्यामुळे बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारून ठेवलेलं बरं.

डिस्कनेक्ट वापरणाऱ्यांसाठी शेवटचं काम बारीक आहे. बार सोडायचा आणि जोडायचा तो सपाट जागेवर. गाडी तिरकी असताना बारमध्ये पीळ साठलेला असतो आणि पिन ओढली की तो झटक्याने सुटतो. बोटं तिथे असतील तर बोटं जातात. सोडलेले लिंक वर घट्ट बांधायचे, नाहीतर ते टायरला किंवा ब्रेकच्या होजला घासतात. दिवस संपल्यावर डांबरी रस्त्याला लागायच्या आधी गाडी थांबवायची, दोन्ही बाजूंच्या पिना हाताने ओढून बघायच्या आणि पहिली दोन-तीन वळणं सावकाश घ्यायची. सगळे दमलेले असतात, चिखलाने माखलेले असतात, कुणालातरी चहाची घाई असते. पिन राहून जाते ती नेमकी याच वेळेला.